बँक्सिया गल्लीतला पिवळा पाढा

डॅरिल हॉजकिसनं थोरल्या लेकीला खेळातून पाढे शिकवायला घेतले आणि त्यानंतरच्या पाचव्या आठवड्यात बँक्सिया गल्लीतल्या अकरा घरांचा कचरा उचलायला गाडीवाल्यानं साफ नकार दिला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कोणालाही वाटेल. नगरपालिकेलाही तसंच वाटलं. तिथल्या बाईंनी डॅरिलला फोनवर तीनदा विचारलं, "म्हणजे तुमची तक्रार नक्की कचऱ्याची आहे, की गणिताची?"

सुरुवात अगदी साधी झाली. शाळेतल्या पालकसभेत ऑर्चर्ड टीचर म्हणाल्या, "पिपा हुशार आहे हो. पण पाढ्यांचं नाव काढलं की पोरगी दगड होते. घोकून घेऊ नका. घरी वस्तू हाताळू द्या, रांगा मांडू द्या, खेळू द्या."

डॅरिल मान डोलवत राहिला. परतताना गाडीत मागच्या सीटवरून आठ वर्षांच्या पिपानं विचारलं, "बाबा, मी मठ्ठ आहे का?"

टास्मानियाच्या उत्तर किनाऱ्यावरचं ते गाव सगळं उतारावर वसलेलं. गाडी चालवताना नजर रस्त्यावर ठेवायला तिथे नेहमीच चांगलं निमित्त असतं. डॅरिलनं नजर रस्त्यावर ठेवली आणि म्हणाला, "भलतंच काय!" पण तो प्रश्न त्याच्या छातीत रुतून बसला. घरी येताच त्यानं बायकोला सांगितलं, "पिपाचे पाढे मी घेतो."

लिनेट सरकारी दवाखान्यात नर्स. पाळीवरून आलेली, बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसलेली. ती म्हणाली, "जमेल तुला?"

"त्यात काय!" डॅरिल म्हणाला.

जगातल्या किती संसारांची किती छपरं या दोन शब्दांनी गळायला लागली असतील, याची कोणी मोजदाद ठेवलेली नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यानं राजम्याची पिशवी आणली आणि मोठं ताट काढलं. पिपानं तीन रांगा मांडल्या, प्रत्येक रांगेत चार दाणे. मोजले, बारा. मग तिनं काय केलं, तर ताट हळूच पाव फेरा फिरवलं आणि बघत बसली.

"बाबा, आता चार रांगा झाल्या. तीन-तीनच्या."

"हो, मग?"

"मी काही घातलं नाही, काही काढलं नाही. नुसतं ताट फिरवलं." तिनं पुन्हा फिरवलं. "म्हणजे निम्मे पाढे फुकटच!"

डॅरिल विम्याच्या कचेरीत सतरा वर्षं कारकून होता. रोज आकड्यांतच वावरायचा. पण निम्मे पाढे फुकट असतात ही बातमी त्याच्यापर्यंत कोणी पोचवलीच नव्हती. पिपाचं कौतुक करावं की स्वतःची कीव, हे ठरवत तो थोडा वेळ ताटाकडे बघत राहिला. तेवढ्या वेळात पिपानं नव्या, मोठ्या रांगा मांडल्या आणि धाकट्या विनीनं, वय वर्षं पाच, एक दाणा उचलून नाकात घातला.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दाणे किती गेलेत आत?"

"एक. म्हणजे बहुतेक एकच," डॅरिल म्हणाला.

"बहुतेक म्हणजे? विनी, बाळा, किती घातलेस?"

विनीनं तोंड घट्ट मिटलं. नाक तर आधीच मिटलेलं होतं.

"एकच," पिपा म्हणाली. तिच्या कोटाच्या खिशात ताटातल्या दाण्यांची पुडी होती. "घातला तेव्हा मी पाच रांगा मांडल्या होत्या, सहा-सहाच्या. म्हणजे तीस. आता एकोणतीस आहेत. गाडीत बसायच्या आधी मी दोनदा मांडून बघितले."

डॉक्टरीणबाईंनी चिमट्यानं एक दाणा काढला, आत उजेड टाकून खात्री केली आणि मग पिपाकडे नीट वळून बघितलं. "असा हिशोब मला मोठी माणसंसुद्धा देत नाहीत," त्या म्हणाल्या. पिपाचे कान लाल झाले. पाढ्यांच्या बाबतीत तिला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी शाबासकी दिली होती, आणि तीही बहिणीच्या नाकामुळे.

दवाखाना लिनेटचाच असल्यामुळे डॅरिल घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. आठवडाभर लिनेटच्या मैत्रिणी त्याला रस्त्यात थांबवून "काय, आज कोणता भाजीपाला?" असं विचारत होत्या. लिनेटनं मात्र एकच कायदा केला. नाकात मावेल अशी कोणतीही वस्तू यापुढे गणितात वापरायची नाही.

कायदा योग्यच होता, पण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. वस्तू मोठ्या व्हायला लागल्या. आधी छोटी जाड धिरडी झाली, तव्यावर दोन-दोनच्या रांगेत. ती गुणाकाराच्या आधीच संपायची. मग मोजे झाले, बूट झाले, कुंड्या झाल्या. कुंड्या सहा रांगांत चार-चार लावताना डॅरिलची कंबर धरली. तो जमिनीवर आडवा पडलेला असताना पिपा म्हणाली, "बाबा, सारख्या वस्तू कशाला हलवायच्या? आपणच हलूया. जमिनीवर चौकटी काढायच्या आणि मीच दाणा व्हायचं!"

कल्पना इतकी सुरेख होती की डॅरिल कंबर विसरून उठून बसला. आणि लगेच पुन्हा आडवा झाला.

घरासमोरचा उतार असा की तिथे खडूनं चौकटी आखल्या, पण पिपा 'दोन चोक आठ' म्हणून उडी मारायची आणि थांबायची ती थेट फाटकापाशी. वर समुद्रावरून येणारा पाऊस दर दुसऱ्या दिवशी सगळं धुऊन न्यायचा. हे सारं शेजारच्या टॅटनेलबाई खिडकीतून बघत होत्या. त्या पूर्वी गावच्या पोस्टमास्तर होत्या. गल्लीतली कोणतीही गोष्ट आपल्या हातून वाटप झाल्याशिवाय पुढे जाऊ नये, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

"डॅरिल, तू मुलीला पाढे शिकवतोयस की डोंगरावरून ढकलतोयस?" त्यांनी कुंपणावरून विचारलं.

"सपाट जागाच नाही हो, टॅटनेलबाई."

"डोळे आहेत का? गल्लीच्या टोकाला गाड्या वळवायचं गोल मैदान आहे ना! पाटासारखं सपाट. दिवसाला तीन गाड्या वळतात, त्यातली एक माझ्या भाच्याची."

"आणि पावसाचं काय?"

पावसाची सोय समोरच्या केव्ह बोलंडकडे होती. केव्हनं तीस वर्षं गाड्यांच्या तळांवर आणि खेळाच्या मैदानांवर पट्टे मारले होते. सरळ रेघ हा त्याच्यासाठी धर्माचा विषय होता. खडूच्या वाकड्या चौकटी पाहून तो आठवडाभर आतल्या आत कुढत होता.

"रंगच मार ना बाबा," केव्ह म्हणाला. "माझ्याकडे डबा आहे. पांढरा संपला, पिवळा आहे. पाण्यातला रंग आहे, काही चिंता करू नकोस."

"पाण्यातला म्हणजे नंतर पाण्यानं जाईल?"

"पाण्यातलाच आहे," केव्ह ठामपणे म्हणाला.

हे उत्तर नव्हतं, हे डॅरिलच्या फार उशिरा लक्षात आलं.

शनिवारी सकाळी केव्हनं दोरी ताणून दहा गुणिले दहा अशा शंभर चौकटी आखल्या. काय त्या चौकटी! केसाएवढाही फरक नाही. टॅटनेलबाई खुर्ची टाकून बसल्या. केव्हच्या मागे डॅरिल गुडघ्यांवर बसून प्रत्येक चौकटीत आकडा रंगवत गेला. दोनाची रांग, तीनाची रांग, चाराची, पाचाची. सात आणि आठाच्या चौकटीपाशी आल्यावर त्यानं क्षणभर ब्रश हवेत धरला आणि मग मोठ्या आत्मविश्वासानं लिहिलं, चोपन्न.

इथे डॅरिलचं एक गुपित सांगून टाकायला हवं. लहानपणी त्याच्या वर्गात पाढे एका सुरात म्हणायची पद्धत होती. डॅरिलनं पाढे पाठ केले नाहीत. त्यानं ओठ हलवायला पाठ केलं. आवाज न काढता तो इतका झकास पाढे म्हणायचा की एकदा त्याला त्याबद्दल बक्षीसही मिळालं होतं. पुढे कॅल्क्युलेटर आला आणि ओठ हलवायचीही गरज उरली नाही. सहाच्या पुढचे पाढे त्याच्यासाठी परक्या गावासारखे होते. रस्ते अंदाजानं माहीत, पण कोणी पत्ता विचारू नये. हे लिनेटलाही ठाऊक नव्हतं.

पहिला आठवडा मात्र अपूर्व गेला. पिपा शाळेतून आली की दप्तर फेकून मैदानात. तिच्यामागे विनी, आणि विनीमागे गल्लीतली सगळी पोरं. पिपानं स्वतःची एक युक्ती काढली. मोठा गुणाकार आला की तो एका दमात मारायचा नाही, मोडून मारायचा. "सहा साता ना? पाच साता पस्तीस, इथपर्यंत एक लांब धाव. मग एक सात अजून, एक उडी. बेचाळीस!" जी पोरगी पाढ्यांचं नाव काढलं की दगड व्हायची, ती आता पिवळ्या चौकटींवरून बेडकासारखी उड्या मारत होती आणि दुसऱ्यांना सांगत होती, "घाबरू नका, मोठा आकडा मोडतो. मोडला की सोपा होतो." डॅरिल कडेला उभा राहून ऐकायचा. ऊर भरून यायचा आणि थोडी लाजही वाटायची. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याच्या डोक्यात पहिल्यांदाच काहीतरी उजाडत होतं, आणि दिवा धरायला आठ वर्षांची मुलगी होती.

मग तीन दिवस सलग पाऊस पडला. डॅरिल खिडकीतून रंग उतरायची वाट बघत राहिला, कारण परवानगी न घेता केलेल्या कामाची त्याला आता जरा धास्ती वाटायला लागली होती. पाऊस थांबला तेव्हा चौकटी आधीपेक्षा झळाळत होत्या. धूळ तेवढी गेली होती.

"केव्ह, तू म्हणालास पाण्यानं जातो!"

"पाण्यात कालवतात म्हणालो. जातो कुठे म्हणालो? अरे, बंदरावर मी हाच मारलाय. एकोणीस वर्षं झाली, ट्रक जातात त्यावरून." आणि केव्ह अभिमानानं हसला. त्याच्या हातचं काम टिकतं याचा त्याला खरोखर आनंद झाला होता.

गुरुवारी पंधरवड्यानं येणारी कचऱ्याची गाडी आली. टोकाशी येऊन थांबली. ड्रायव्हरनं काच खाली केली, बराच वेळ समोर बघितलं आणि गाडी मागे घ्यायला लागला.

टॅटनेलबाई घरातल्या चपलांवरच धावल्या. "अहो! डबे!"

"पिवळ्या चौकटींचं जाळं आहे, बाई. त्यावर गाडी न्यायची नाही, आमच्या नियमात आहे. वळायला जागा नाही, म्हणून यायलाही जागा नाही."

"अहो, पाढे आहेत ते!"

"पाढ्यांबद्दल नियमात काही नाही," ड्रायव्हर म्हणाला आणि सगळी गल्ली उलटी चालवत निघून गेला.

अकरा घरांचे डबे भरलेले. शनिवारपर्यंत गल्लीला मासळीबाजाराचा वास आला. डॅरिलला पाहून सदा हात हलवणारे लोक आता नाक धरायचे. एका हातानं नाक धरलं की दुसरा हात अभिवादनाला उरतो, पण तो कोणी वापरला नाही. टॅटनेलबाईंनी तर सांगूनच टाकलं, "जागा मी दाखवली हे खरं. पण पिवळा मी नव्हता सांगितला."

सोमवारी डॅरिलनं नगरपालिकेला फोन लावला. रस्ते खात्यानं सांगितलं, मुलं खेळतात ना, मग उद्यान खातं. उद्यान खातं म्हणालं, झाड आहे का? नाही? मग आमचं नाही. शेवटी तो 'फलक आणि खुणा' विभागातल्या त्या बाईंपाशी पोचला. कचरा की गणित हे तीनदा विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "रस्त्यावरचा प्रत्येक आकडा ही एक स्वतंत्र खूण धरतात. प्रत्येकीची नोंद हवी. किती आहेत?"

"शंभर."

"एका अर्जावर सहा खुणा बसतात. थांबा हं, कॅल्क्युलेटरवर करते. सोळा पॉइंट सहा सहा." बाई अडखळल्या. "पॉइंट सहा सहाचा अर्ज आमच्याकडे नसतो. किती पाठवू?"

डॅरिलनं हातानं फोन झाकला आणि पिपाकडे बघितलं. पिपानं स्वयंपाकघरातून अंड्यांची रिकामी खोकी आणली, सहा-सहा घरांची. टॅटनेलबाईंकडून आणखी आणली. त्या खोकी टाकत नसत. मग ती जमिनीवर मांडत गेली. "दहा खोक्यांत साठ. अजून पाच, म्हणजे नव्वद. अजून एक, शहाण्णव. चार उरले."

"चौघं बिचारे बाहेर राहणार?" विनीनं विचारलं.

"नाही. त्यांनापण एक खोकं द्यायचं. दोन घरं रिकामी राहिली तरी चालतात. सतरा!"

"सतरा पाठवा," डॅरिल फोनवर म्हणाला. त्याचा आवाज अशा माणसाचा होता ज्याला हे मुळापासून ठाऊक होतं.

सतरा अर्ज भरायला चार संध्याकाळी गेल्या. त्यातल्याच एका संध्याकाळी पिपा मैदानावरून घरात आली आणि त्याच्या खुर्चीजवळ उभी राहिली.

"बाबा, सात आणि आठाची चौकट खोटं बोलते का?"

डॅरिलचं पेन थांबलं. "का ग?"

"तिथे चोपन्न लिहिलंय. पण मी पाच आठे चाळीस केलं, मग दोन आठे सोळा. छप्पन्न येतात. तीनदा केलं."

खरं सांगायची ती वेळ होती. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. फक्त 'माझं चुकलं' असं म्हणायचं होतं. पण सकाळीच टॅटनेलबाईंनी नाक धरलं होतं, केव्हनं हात हलवला नव्हता, आणि घरात तरी आपली थोडी शान उरावी असं त्या बिचाऱ्याला वाटलं. तो म्हणाला, "रंगवलंय ना तिथे? मग तेच बरोबर असेल."

"मग मीच चुकले असेन," ती म्हणाली आणि खोलीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती मैदानावर गेली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. पोरं दारात येऊन हाक मारून गेली. विनीनं विचारलं तर म्हणाली, "मला येत नाही ते."

डॅरिलला जेवण जाईना. बोलायला जावं तर शब्द फुटेनात. ओठ हलवायची सवय मात्र शाबूत होती.

शुक्रवारी नगरपालिकेचे क्वेलसाहेब पाहणीला आले. फर्गस क्वेल म्हणजे चेहऱ्यावर एकही सुरकुती हसण्यामुळे न पडलेला माणूस. त्यांनी चाकाच्या मापानं मैदान मोजलं, चौकटी मोजल्या, केव्हच्या रेघांवर ओणवं होऊन बघितलं आणि नकळत म्हणाले, "रेघ सुंदर आहे." केव्हनं टोपी काढली. सगळी गल्ली जमली होती. अर्धी मुलांची बाजू घ्यायला, अर्धी कचऱ्याची. पिपा आईचा हात धरून मागे उभी होती.

"अर्ज पूर्ण आहेत," क्वेलसाहेब म्हणाले. "फक्त शेवटचा रकाना राहिला. 'खुणेवरील मजकूर खरा आहे, अशी मी हमी देतो.' सतरा सह्या."

डॅरिलनं कचऱ्याच्या डब्यावर कागद ठेवून सह्या करायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. टॅटनेलबाई कागद वाळवायला हातात घेत होत्या. अकरा सह्या झाल्या. बाराव्या अर्जावर त्याला तो आकडा दिसला, सातवी रांग, आठवी चौकट, चोपन्न, त्याच्याच अक्षरात. पेन कागदाला टेकलं आणि तिथेच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"काय झालं?" क्वेलसाहेबांनी विचारलं.

डॅरिलनं मान वर केली. समोर गल्ली, शेजारी साहेब, मागे बायको आणि मुलगी. इतक्या लोकांसमोर तो आजवर फक्त एकदा उभा राहिला होता, ओठ हलवण्याचं बक्षीस घ्यायला.

"इथे मला सही करता येत नाही," तो म्हणाला. "हा आकडा खोटा आहे. सात आठे छप्पन्न. मी चोपन्न लिहिलं, कारण मला येत नव्हतं. मला कधीच आलं नाही." आता तो थांबेना. "माझ्या मुलीनं तीनदा करून मला सांगितलं, आणि मी तिला म्हणालो रंगवलेलंच बरोबर. पिपा, तुझं बरोबर होतं ग. चुकला तो मी."

मागे उभी लिनेट नवऱ्याकडे बघत होती. वीस वर्षांत असं बघितलं नव्हतं तिनं.

पिपा पुढे आली. "मला माहीत होतं," ती हळूच म्हणाली. "म्हणजे आधी माहीत होतं. मग तू म्हणालास म्हणून नाही राहिलं."

"करून दाखवतेस? सगळ्यांना?"

पिपानं बूट काढले. आठाच्या उभ्या ओळीच्या टोकाशी उभी राहिली. पाच आठे चाळीस, लांब धाव. श्वास घेतला. दोन आठे सोळा, दोन उड्या. आणि चोपन्नावर दोन्ही पाय आपटून ती मोठ्यांदा ओरडली, "छप्पन्न!"

केव्हनं सगळ्यात आधी टाळी वाजवली. टॅटनेलबाई हातातले अकरा अर्ज हलवायला लागल्या. अर्जांचा उपयोग तसाही काही राहिला नव्हता.

क्वेलसाहेब मात्र हलले नाहीत. त्यांनी खिशातून वही काढली. "पिवळा रंग चालणार नाही. काळ्यानं झाकावा लागेल. पांढऱ्या खेळाच्या खुणा म्हणून मंजुरी देता येते, एक वर्षासाठी. गाडी पांढऱ्यावरून जाते." ते लिहीत होते. "पण मजकूर तपासणाऱ्याचं नाव लागेल. तुमचं चालणार नाही, हॉजकिस. तुम्ही आत्ताच कबुली दिलीत."

"माझं लिहा," पिपा म्हणाली.

क्वेलसाहेबांनी अर्ज उलटसुलट करून बघितला. "वयाचा रकाना नाही," ते म्हणाले. आणि लिहिलं, पिपा हॉजकिस.

पुढच्या गुरुवारी कचऱ्याची गाडी यायची होती, म्हणून रविवारीच सगळी गल्ली कामाला लागली. केव्हनं यावेळी पिवळं झाकायला काळ्याचा एक आणि पांढऱ्याचे दोन डबे आणले आणि प्रत्येकावर लिहिलेलं, रंग कधी जातो, कशानं जातो हे सविस्तर वाचून दाखवलं. लिनेटनं पाव-मटणाचा डबा फिरवला. टॅटनेलबाई खुर्चीत बसून कोणी कुठे उभं राहायचं ते सांगत होत्या, आणि कोणी ऐकत नव्हतं, तरी त्या खूष होत्या. पिपाच्या हातात वही होती. एकही आकडा तिच्या परवानगीशिवाय रस्त्यावर उतरत नव्हता.

डॅरिल ब्रश घेऊन गुडघ्यांवर बसला. नवाच्या रांगेत आला आणि थांबला.

"नऊ आठे किती ग?"

"करून बघ ना," पिपा म्हणाली.

"करूनच बघतोय. बहात्तर का?"

"बसून नाही. उडी मारून."

डॅरिलनं आजूबाजूला बघितलं. अख्खी गल्ली हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघत होती. केव्ह, टॅटनेलबाई, लिनेट, दोन घरं पलीकडचा दातांचा डॉक्टर, आणि विनी, जी लगेच जमिनीवर मांडी ठोकून बसली, जणू खेळ सुरू व्हायचा होता. विमा कचेरीतला सतरा वर्षांचा कारकून, चव्वेचाळीस वर्षांचा, कमरेचा जुना दुखावा असलेला. त्यानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला, उठला आणि बूट काढले. एका मोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं.

"मोडून मारू?" त्यानं विचारलं.

"मोडूनच मारायची. मी म्हणते, तू मार. पाच आठे?"

"चाळीस!" डॅरिल म्हणाला. आवाज काढून, मोठ्यांदा. आणि धावला.

"चार आठे?"

"बत्तीस!" चार उड्या मारून तो थांबला. धापा टाकत, पाय गच्च रोवून, डोक्यात चाळीस आणि बत्तीस एकमेकांना शोधत असताना तो मुलीकडे बघत राहिला. तिनं वही छातीशी धरली आणि वाट बघितली, जशी शाळेत तिच्यासाठी कोणीतरी बघायला हवी होती.

"बहात्तर," तो म्हणाला.

पिपानं वहीत खूण केली. "बरोबर. लिही आता."